जुन्या लायकाचे विधिनिषेध

जुना रेंजफाइंडर कॅमेरा हाताळताना होणाऱ्या बहुतेक चुकांचे मूळ एकाच गोष्टीत असते, ती म्हणजे छायाचित्रकार ज्या खिडकीतून पाहतो तिचा आणि ज्या लेन्समधून चित्र उमटते त्या लेन्सचा दृष्टीपुरता काहीही संबंध नसतो. लेन्सवरचे झाकण काढायचे राहिले, तरी खिडकीतले दृश्य स्वच्छच दिसते. एल्मारसारखी नळीत दुमडून बसणारी लेन्स पुरती बाहेर ओढून, किंचित फिरवून पक्की केली नसेल, तर फिल्म धुऊन होईपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. जवळच्या माणसाचे चित्र घेताना डोके कापले जाते तेही यामुळेच, कारण खिडकी लेन्सच्या वर असल्याने दोघींना दिसणारी चौकट जुळत नाही.

ऑस्कर बार्नाक या अभियंत्याने घडवलेला लायका १९२५ मध्ये विक्रीस आला, पण रेंजफाइंडर, म्हणजे विषयाचे अंतर ठरवणारी यंत्रणा, लेन्सशी जोडली गेली ती १९३२ च्या मॉडेलमध्ये. हिच्यात काही सेंटिमीटर अंतरावरच्या दोन खिडक्यांतून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा येतात, त्यांपैकी एक अर्धपारदर्शक आरशावरून परावर्तित होते, आणि लेन्स फिरवताना त्या प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की वस्तू सुस्पष्ट झाली असे समजावे. प्रतिमा आडव्या दिशेने सरकत असल्याने दाराची उभी कड पटकन जुळते, आडवी तुळई मात्र केव्हाही जुळल्यासारखीच भासते. अशा वेळी कॅमेरा उभा धरणे हाच उपाय असतो.

फिल्म भरणे हा या कॅमेऱ्याचा सर्वांत किचकट भाग होय. मागचे दार उघडतच नाही. तळाची पट्टी काढून रीळ आणि गुंडाळीची फिरकी एकदमच खालून आत सरकवावी लागतात, आणि मधली फिल्म एका अरुंद फटीतून वर जाते. त्यासाठी फिल्मच्या टोकाची अर्ध्या रुंदीची जीभ सुमारे १० सेंटिमीटर लांब असावी लागते. आजच्या फिल्मची जीभ त्याहून आखूड असल्याने ती कात्रीने वाढवावी लागते, नाहीतर पूर्ण रुंदीची कड आत अडकून फाटते आणि तिचे तुकडे शटरच्या पडद्यांत शिरतात. चावी फिरवताना गुंडाळी उलटवण्याची डावीकडची कळ आपोआप फिरते की नाही, हे पाहणे ही फिल्म खरोखर सरकत असल्याची एकमेव साधी खूण आहे.

शटरच्या वेगाची तबकडी पडद्याबरोबरच फिरते, त्यामुळे तिच्यावरचा आकडा फिल्म पुढे सरकवून शटर ताणल्यावरच खरा मानावा, आणि बटण दाबताना बोट तिला घासले तर वेग बिघडतो. लायकाच्या धर्तीवर खारकीवमध्ये १९३४ पासून निघालेल्या फेद आणि क्रास्नोगोर्स्कमध्ये १९४८ पासून निघालेल्या झोर्की या सोव्हिएत कॅमेऱ्यांत हाच नियम अधिक कडक होतो. झोर्की-४ चा वेग शटर न ताणता बदलला तर आतल्या यंत्रणेला इजा होऊ शकते. एकाच चौकटीवर दोन चित्रे उमटू नयेत म्हणून फिल्मची गती आणि शटरचे ताणणे आरंभापासून एकत्र बांधणाऱ्या रचनाकारांनी या चुकीला मात्र अडसर घातला नाही, हे नवलच म्हणावे लागेल.

१९५४ च्या लायका एम-३ ने बरेच प्रश्न मिटवले: तबकडी न फिरणारी झाली, पाठीला छोटे दार आले, चौकट पाहणे आणि अंतर जुळवणे या दोन्ही कामांसाठी एकच खिडकी उरली आणि तिच्यातील चौकट अंतराप्रमाणे सरकू लागली. शटरचा पडदा मात्र रबराचा थर दिलेल्या कापडाचाच राहिला. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात लेन्समधला प्रकाश आरशावर अडतो, इथे तो थेट पडद्यावर पडतो, म्हणून लेन्स अनंत अंतरावर लावून कॅमेरा सूर्याकडे तोंड करून राहिला तर पडद्याला बारीक भोक पडू शकते आणि चित्रांवर पांढरे ठिपके दिसू लागतात. उन्हात हिंडताना लेन्सचे छिद्र लहान करून ती जवळच्या अंतरावर ठेवली, तर सूर्याची प्रतिमा पडद्यावर पसरट पडते आणि ही होरपळ बरीच टळते.