संस्थेचा प्रिंटर आता मोबाइलवरून चालतो



कचेरीतला प्रिंटर आपण वायफायवर घेतलाय. हुबळी असो की धारवाड, आजवर आपली मंडळी कागद काढायला झेरॉक्सच्या दुकानात जायची. किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज (2018-19 च्या बजेटात ते मच्छीमारांनाही जाहीर झालं), तलावाच्या ठेक्याचे कागद, बोटुकलीचं बिल, सगळ्याला तेच. तिथं आधी आधार आणि पासबुकाचा फोटो दुकानाच्या व्हॉट्सॲपवर पाठवायचा. दुकानदार भला असतो हो, पण फोटो त्याच्या कॉम्प्युटरवर राहतो आणि त्या कॉम्प्युटरवर दिवसभर कोण कोण बसतं, ते आपल्याला कुठं ठाऊक? म्हणून हा खटाटोप.

बऱ्याच सभासदांच्या घरी मुलांच्या शाळेसाठी प्रिंटर आलाय आणि वायर लावूनच चालू आहे. त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. मोबाइल आणि प्रिंटर एकाच राउटरला जोडलेले असले की कागद निघतो, नेटचं रिचार्ज संपलेलं असलं तरी. फक्त अशा वेळी मोबाइल विचारतो, 'या वायफायवर इंटरनेट नाही, तरी जोडून ठेवायचं का?' तिथं 'हो' म्हणा. नाही म्हटलं की तो सिमच्या नेटवर जातो, मग प्रिंटर दिसतच नाही.

दुसरं म्हणजे 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ. पुष्कळ साधे प्रिंटर फक्त 2.4 ओळखतात. राउटर दोन नावं दाखवत असेल तर प्रिंटर 2.4 वाल्या नावावर घ्या. मोबाइल 5 वर असला तरी सहसा चालतं, राउटर एकच आहे ना. पण 'गेस्ट' नावाच्या नेटवर्कवर कुणालाच ठेवू नका. तिथं एका यंत्राला दुसरं यंत्र दिसू नये अशीच सोय केलेली असते.

जोडायची सोपी रीत बटणाची. प्रिंटरचं वायफायचं बटण लाइट लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण दाबायचं. राउटरला ते बटण नसेल, किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-3 वर ठेवली असेल, तर ही रीत चालत नाही. मग प्रिंटर कंपनीचं ॲप घेऊन पासवर्ड टाकावा लागतो. मोबाइल अँड्रॉइड 8 किंवा पुढचा असेल तर छापायची सोय मोबाइलमध्येच असते. पहिल्या जोडणीनंतर ॲप काढून टाकलं तरी बहुतेक प्रिंटर चालतात.

खरी डोकेदुखी पुढं आहे. आज चाललेला प्रिंटर लाइट जाऊन आली की 'ऑफलाइन' दाखवतो. लोक म्हणतात, "बिघडला की हो!" बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. राउटर प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो. बंद होऊन चालू झाला की कधी कधी तो नंबर बदलतो आणि कॉम्प्युटर जुन्याच नंबरावर प्रिंटर शोधत बसतो. होडीचा खुंट ठरलेला असला की अंधारातही होडी सापडते, तसं राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' करून प्रिंटरचा नंबर कायमचा बांधून टाकायचा. कचेरीत आपण ते केलंय. त्याच वेळी राउटरचा कंपनीनं दिलेला ॲडमिन पासवर्डही बदला. तो तसाच ठेवणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच टांगणं.

आपल्या भागातली एक वेगळीच अडचण. जुने कन्नड अर्ज नुडी फाँटात टाइप केलेले असतात. तो फाँट नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की कन्नडच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ज्याच्याकडून अर्ज घ्याल त्यालाच पीडीएफ करून द्यायला सांगा. पीडीएफ जसाच्या तसा छापला जातो.

कचेरीत प्रिंट काढायला येताना कागद मोबाइलमध्ये पीडीएफ करून आणा. वायफायचा पासवर्ड कचेरीतच मिळेल, ग्रुपवर मागू नका, टाकणार नाही. घरचा प्रिंटर जुळत नसेल तर त्याच्या मॉडेलचा आणि राउटरच्या मागच्या बटणांचा फोटो घेऊन या, बसून बघू. मात्र राउटरच्या स्टिकरवर पासवर्ड छापलेला असतो, तो फोटो कुठं पाठवू नका.

– सचिव