जुना ट्रक घेताय? आधी गाडीखाली शिरा



कांदा काढणीला आला की भाड्याच्या ट्रकसाठी किती जणांच्या हातापाया पडावे लागते, ते तुम्हाला सांगायला नको. मग घरात विषय निघतो, एखादा जुना ट्रक घेऊन टाकू या का? घ्या, माझी ना नाही. पण माझ्या धाकट्या भावाने केली ती चूक करू नका. त्या चुकीत मीही वाटेकरी होतो.

भावाने जुना टाटा 1210 पसंत केला. टेल्कोने 1954 साली जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बांधायला घेतले, आणि 1969 साली तो करार संपला. त्याच घराण्यातली ही गाडी. रंग नवा कोरा, पहिल्या किल्लीला इंजिन सुरू. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला लावावा तसा मी कान लावला आणि 'ठीक आहे' म्हणालो. आम्ही पोहोचण्याआधीच विकणाऱ्याने इंजिन तापवून ठेवले होते, हे ध्यानातच आले नाही. भावजयीच्या पाटल्या मोडून पैसे दिले.

तिसऱ्याच खेपेला भरला ट्रक एका अंगाला कलला. कमानपाट्याच्या हँगरमागे चेसीला तडा होता. कोणीतरी वरवर वेल्डिंग करून त्यावर रंग फासला होता. निम्मा कांदा रस्त्यावर पडून पावसात भिजला.

म्हणून सांगतो, गाडी पाहायला सकाळी जा आणि न कळवता जा. बोनेट उघडून इंजिनाला हात लावा. गरम लागले तर थंड होईपर्यंत तिथेच बसा. गार इंजिन सुरू झाल्यावर पहिला थोडा धूर चालतो. पण तापल्यावरही निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल खात आहे. काळा असेल तर एअर फिल्टर आणि डिझेल पंप तपासून घ्या. रेडिएटरचे झाकण गाडी थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केटचा संशय धरा. पुढचे चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा. खडखडले तर किंगपिन किंवा बेअरिंग झिजले आहे.

मग चेसी. संशय येईल तिथे रंग खरवडा, रॉकेल लावा, कोरडे पुसून खडू फासा. तडा असला तर थोड्या वेळात खडूवर ओली रेघ उमटते. आमच्या मिस्त्रीने तड्याच्या टोकाला भोक पाडले, म्हणजे तो पुढे सरकत नाही, आणि आतून पट्टी रिवेट केली.

कागद तर इंजिनाआधी पाहा. चेसीवरचा नंबर आरसी बुकाशी अंक न् अंक जुळला पाहिजे. कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय बयाणाही देऊ नका. नावावर करायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. आठ वर्षांवरच्या ट्रकला दरवर्षी फिटनेस काढावी लागते, आणि 15 वर्षांवरच्या गाड्यांची फी एप्रिल 2022 पासून बरीच वाढली आहे. तो खर्च आधीच हिशोबात धरा.

दुरुस्तीला पहिला मान ब्रेकला. मग चेसी, कमानपाटे, स्टिअरिंग, वायरिंग. हौद्याच्या फळ्या आणि फाळका त्यानंतर. रंग सर्वांत शेवटी. आमच्या ट्रकला तर अजून लावलेलाच नाही. खर्चाची वही भावजय ठेवते. तिच्या पहिल्या पानावर पाटल्यांचे वजन लिहिलेले आहे.