पहिलं जहाज बांधताना आधी तारीख ठरवा

लिव्हरपूलच्या मर्सीसाइड मेरिटाइम म्युझियमच्या संग्रहात ‘टायटॅनिक’ची सुमारे २० फूट लांबीची एक प्रतिकृती आहे. बेलफास्टच्या ज्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत ते जहाज बांधलं गेलं, तिथल्याच कारागिरांनी ती घडवली. त्या काळात मोठ्या गोद्यांमध्ये अशा प्रतिकृतींसाठी स्वतंत्र कारखाना असे. जहाज कंपन्या या प्रतिकृती आपल्या कचेऱ्यांत आणि प्रदर्शनांत मांडत. ज्या जहाजावर आठवडाभर राहायचं, ते प्रवाशाला आधी काचेच्या पेटीत सगळ्या बाजूंनी पाहता येई. लिव्हरपूलची प्रतिकृती मुळात ‘ऑलिम्पिक’ आणि ‘टायटॅनिक’ या सख्ख्या बहिणींसाठी केलेली होती आणि पुढे गरज पडेल तसे तिच्यात फेरफार होत गेले.

हे फेरफार प्रतिकृती बनवणाऱ्या नवशिक्याने नीट समजून घ्यावेत, कारण प्रवासी जहाज आयुष्यभर एकाच रूपात राहत नाही. खिडक्या बदलतात, जीवरक्षक बोटी वाढतात, रंग बदलतो, युद्ध आलं की सगळा अवतारच बदलतो. म्हणून पहिल्या जहाजाचा संच विकत घेण्याआधी, ते जहाज कोणत्या दिवशीचं करायचं हे ठरवावं, असं माझं ठाम मत आहे. ज्याने तारीख ठरवली त्याचे निम्मे प्रश्न कागदावरच सुटतात.

पहिलं जहाज म्हटलं की बहुतेकांच्या मनात ‘टायटॅनिक’च येतं, आणि त्यात वावगं काही नाही. रेव्हेल, अ‍ॅकॅडमी, मिनीक्राफ्ट, ट्रम्पीटर अशा अनेक कंपन्यांनी तिचे प्लास्टिकचे संच काढले आहेत, संदर्भ भरपूर आहेत आणि आकार मनात ठसलेला आहे. मूळ जहाजाची लांबी ८८२ फूट ९ इंच, म्हणजे सुमारे २६९ मीटर. १:७०० या प्रमाणात ती ३८ सेंटिमीटर होते, १:५७० मध्ये ४७, १:४०० मध्ये ६७ आणि १:३५० मध्ये ७७. ट्रम्पीटरचा १:२०० चा संच तर जवळपास १३५ सेंटिमीटर भरतो. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये तो ठेवण्याआधी घरच्यांशी बोलणं झालेलं बरं.

पहिल्या वेळी १:४०० घ्यावं. १:७०० लहान म्हणून सोपं, ही समजूत मला पटत नाही. त्या प्रमाणात उभा माणूस अडीच मिलिमीटरचाही होत नाही आणि बोटी टांगायचे डेव्हिट चिमट्याच्या टोकावरून उडाले की सापडत नाहीत. १:४०० मध्ये माणूस सव्वाचार मिलिमीटरचा होतो, भाग हाताला लागतात आणि चूक दुरुस्त करायला जागा उरते. अ‍ॅकॅडमीच्या काही संचांत भाग मुळातच वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकचे असतात, त्यामुळे रंगकामाचा धसका घेतलेल्यालाही सुरुवात करता येते.

आता तारखेकडे येऊ. ‘ऑलिम्पिक’ २० ऑक्टोबर १९१० रोजी पाण्यात उतरली तेव्हा तिला फिकट राखाडी रंग दिलेला होता, कारण काळ्यापेक्षा तो छायाचित्रांत उठून दिसतो. पहिल्या सफरीवर, १४ जून १९११ रोजी निघाली ती काळ्या रंगात. ‘टायटॅनिक’ ३१ मे १९११ रोजी पाण्यात उतरली आणि १० एप्रिल १९१२ रोजी साउदॅम्प्टनहून निघाली. या दोन तारखांच्या मधल्या महिन्यांत तिचं रूप बदललं. ‘ऑलिम्पिक’चा ए डेक शेवटपर्यंत उघडा होता. ‘टायटॅनिक’च्या त्याच डेकचा पुढचा अर्धा भाग १९१२ च्या सुरुवातीला खिडक्या लावून बंद केला गेला, म्हणजे पुढच्या प्रवाशांवर समुद्राचे तुषार येऊ नयेत. त्याखालच्या बी डेकवर ‘ऑलिम्पिक’च्या खिडक्या सारख्या अंतरावर आहेत. ‘टायटॅनिक’वर तिथे जास्तीच्या खोल्या काढल्यामुळे खिडक्यांची ओळ विषम आहे. या दोन खुणा डोळ्यांत बसल्या की जुनं छायाचित्र कोणत्या बहिणीचं, हे ओळखायला क्षण पुरतो. ‘टायटॅनिक’ म्हणून छापली जाणारी कितीतरी छायाचित्रं ‘ऑलिम्पिक’ची आहेत. तो प्रसिद्ध भव्य जिना आपण पाहतो तोही बहुधा ‘ऑलिम्पिक’चाच असतो. असं छायाचित्र समोर ठेवून ‘टायटॅनिक’ रंगवायला बसलं, तर कितीही मेहनत घेतली तरी तपशील जुळत नाहीत.

खरं सांगायचं तर मला ‘ऑलिम्पिक’ अधिक प्रिय आहे. ती २४ वर्षं चालली. सप्टेंबर १९११ मध्ये ‘हॉक’ या युद्धनौकेशी तिची टक्कर झाली. तिच्या दुरुस्तीसाठी कामगार खेचले गेले आणि ‘टायटॅनिक’ची पहिली सफर २० मार्चवरून १० एप्रिलवर गेली. ‘टायटॅनिक’ बुडाल्यावर ‘ऑलिम्पिक’ पुन्हा बेलफास्टला गेली, तिला दुहेरी कवच मिळालं आणि डेकभर बोटींच्या रांगा लागल्या. पहिल्या महायुद्धात सैनिक वाहून नेताना तिच्यावर शत्रूची नजर फसवणारे तिरपे रंगीत पट्टे ओढले गेले आणि मे १९१८ मध्ये तिने एक जर्मन पाणबुडी धडक देऊन बुडवली. १९३५ मध्ये ती मोडीत निघाली. तिच्यातलं कोरीव लाकूडकाम इंग्लंडमधल्या अ‍ॅल्निक गावच्या व्हाइट स्वान हॉटेलात आजही बघायला मिळतं. एकाच जहाजाच्या चार-पाच वेगळ्या प्रतिकृती व्हाव्यात, इतकं हे आयुष्य भरलेलं आहे.

कामाला सुरुवात भाग धुण्यापासून करावी. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकट अंश भागांवर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण, मऊ ब्रश एवढं पुरतं. भाग चौकटीतून ओढून तोडू नयेत. बारीक कटरने थोडं अंतर ठेवून कापावेत आणि उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासावा.

खरी परीक्षा हलची, म्हणजे जहाजाच्या मुख्य धडाची. अनेक संचांत ते डाव्या आणि उजव्या अशा दोन भागांत येतं. गोंद लावण्याआधी दोन्ही भाग कोरडेच जुळवून पाहावेत, आत डेकही बसवून पाहावा. प्लास्टिक किंचित वाकलेलं असतंच. जोडताना कपडे वाळत घालायचे चिमटे, रबर आणि टेप लावून थोडं थोडं पुढे सरकावं. इथे फेविक्विक नको. प्लास्टिक विरघळवून एकजीव करणारा पातळ मॉडेल सिमेंट वापरावा. तो ब्रशने सांध्याला टेकवला की आपोआप फटीत शिरतो. मग निदान एक रात्र हात लावू नये. वाळल्यावर सांधा पुट्टीने भरायचा आणि आधी ४०० नंबरचा, मग ६००, मग १००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचा. नाळेवर आणि मागच्या गोलाईवर सांधा दिसला, तर पुढचं कितीही देखणं काम झालं तरी नजर तिथेच अडते. घाई करणाऱ्यांची जहाजं याच टप्प्यावर बिघडतात. माझ्या मते पहिल्या जहाजाला लागणाऱ्या वेळातला तिसरा हिस्सा हलला द्यावा.

त्यानंतर पोर्टहोल, म्हणजे जहाजाच्या गोल खिडक्या. मूळ जहाजावरचं एक फूट व्यासाचं पोर्टहोल १:४०० मध्ये पाऊण मिलिमीटरचं होतं. संचात ती खळग्यांच्या रूपात असतात. हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने ती आरपार केली की जहाजात जीव येतो. ‘टायटॅनिक’वर ती शेकड्यांनी आहेत, तेव्हा रोज एक ओळ घ्यावी. रंग झाल्यावर प्रत्येक छिद्रात आतून फेव्हिकॉलचा थेंब भरावा. वाळला की तो पारदर्शक होतो आणि काच बसवल्यासारखं दिसतं.

रंगात पाणरेषेखालचा लाल आधी, वरचा काळा नंतर. पाणरेषा नजरेने आखू नये. ‘टायटॅनिक’ पूर्ण भरल्यावर पाण्याखाली ३४ फूट ७ इंच असायची, म्हणजे १:४०० मध्ये २६ मिलिमीटर. हल टेबलावर आधारात समपातळीत ठेवावा. आधाराच्या उंचीत हे २६ मिलिमीटर मिळवावेत, तेवढ्या उंचीवर पेन्सिल एका ठोकळ्याला बांधावी आणि ठोकळा टेबलावरून जहाजाभोवती फिरवावा. रेषा बिनचूक येते. लाल रंग पूर्ण वाळला की रेषेखाली मास्किंग टेप लावायची आणि टेपच्या कडेवर पुन्हा एकदा लालच हात फिरवायचा. कडेच्या फटी लालने बुजतात, मग काळा रंग आत झिरपत नाही. चकचकीत शुद्ध काळा मात्र टाळावा. मोठी वस्तू दुरून पाहताना मधल्या हवेमुळे तिचा रंग फिका भासतो. काळ्यात थोडा राखाडी मिसळला तर हेच अंतर प्रतिकृतीत उतरतं आणि खेळणेपणा जातो. डेकचंही तसंच. रोज घासून धुतलेलं लाकूड फिकट असतं, त्याला फर्निचरचा तपकिरी रंग देऊ नये. चिमण्यांचा पिवळसर रंग नेमका कसा होता, यावर जाणकारांत अजून वाद आहे, कारण त्या जहाजाची रंगीत छायाचित्रं नाहीत. तिथे आपण विचार करून निवडलेली छटा चालते.

आपल्या हवेबद्दल एक सांगायला हवं. मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात स्प्रेचा रंग मारला की त्यावर पांढुरकी, धुरकट साय येते. रंगातलं द्रावण झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामाला उत्तम.

वरचे मजले, क्रेन, वायुवाहिन्या यांचं काम सूचनापत्रक पाहत सरळ होत जातं. चिमण्यांवर मात्र थांबावं. ‘टायटॅनिक’च्या चार चिमण्यांपैकी चौथीला बॉयलर जोडलेले नव्हते, ती मुख्यतः हवा खेळती ठेवण्यासाठी होती. तरी कोन चारींचा सारखाच हवा. त्या मागे कललेल्या आहेत आणि डोलकाठ्याही त्याच कलाने आहेत. चिकटवण्याआधी चारही नुसत्या उभ्या करून जहाज डोळ्यांच्या पातळीवर धरावं, बाजूने आणि समोरून पाहावं. एक जरी किंचित सरळ राहिली तरी जहाजाचा डौल मोडतो. बोटी मोजून २०: १४ मोठ्या, दोन लहान आणि चार घडीच्या. एवढ्याच बोटी होत्या म्हणून त्या रात्री काय झालं हे आपल्याला ठाऊक आहे. डेकवर त्या एकेक करून बसवताना मधल्या मोकळ्या जागा स्पष्ट दिसतात, आणि पुस्तकात वाचलेला आकडा त्या वेळी वेगळाच कळतो.

दोरखंडांसाठी दुकानातला धागा जाड पडतो. दोन सेंटिमीटरची तार १:४०० मध्ये ०.०५ मिलिमीटर होते, म्हणजे बारीक केसाएवढी. संचाच्या चौकटीचा उरलेला तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीवर, पण ज्योतीला न टेकवता, फिरवत मऊ करावा आणि बाहेर काढून दोन्ही हातांनी ओढावा. हवा तितका बारीक तंतू मिळतो. खोलीची खिडकी उघडी असू द्यावी.

मराठी वाचकाला आणखी एक जहाज आठवायला हवं. ८ जुलै १९१० रोजी मार्सेल्सच्या बंदरात सावरकरांनी पी अँड ओ कंपनीच्या ‘मोरिया’ जहाजाच्या पोर्टहोलमधून उडी घेतली. पोर्टहोल कोरताना त्या भोकाचा आकार हाताला समजतो आणि ते धाडस शरीराला किती अवघड गेलं असेल याचा अंदाज येतो. ‘मोरिया’ १९०८ ची, दोन काळ्या चिमण्यांची. गांधीजी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून गोलमेज परिषदेला निघाले ते याच कंपनीच्या ‘राजपुताना’वरून. अशी जहाजं बॅलार्ड पियरला लागत आणि पी अँड ओच्या एजंटांची, मॅकिनन मॅकेन्झीची इमारत बॅलार्ड इस्टेटमध्ये आजही उभी आहे. या जहाजांवर जेवणघरात आणि खोल्यांत काम करणारे बरेचसे गोव्याचे असत, डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी असत. अटलांटिकवरच्या जहाजांचे संच दुकानांत रांगेने मिळतात, मुंबईला येणाऱ्या या जहाजांसाठी मात्र पुठ्ठा, लाकूड आणि प्लास्टिकचे पत्रे घेऊन स्वतःच आराखड्यावरून बांधावं लागतं. संचातलं एक जहाज मनापासून पूर्ण केलेल्या माणसाला ते जमू शकतं. त्याचं अडतं ते छायाचित्रं मिळवण्यापाशी.

म्हणून एक विनंती. कोकणात आणि गोव्यात ज्या घरांतले आजोबा-पणजोबा बोटीवर कामाला होते, तिथे एखाद्या पेटीत डेकवर काढलेलं छायाचित्र, नोकरीची पुस्तिका, कंपनीचं पोस्टकार्ड असण्याची शक्यता मोठी आहे. या दिवाळीच्या आवराआवरीत ते सापडलं तर टाकू नका. त्याची मोबाइलवर चांगली प्रत काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून जहाजाचं नाव आणि साल मूळ छायाचित्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.