पेज हलवणाऱ्या दोन वाटा

दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची स्वतःची मेमरी असते. पलीकडच्या सॉकेटची मेमरीही वाचता येते, पण तिथवर जाऊन यायला जास्त वेळ लागतो; अशा रचनेला न्यूमा म्हणतात. म्हणून लिनक्सचं कर्नल प्रोग्रॅमची पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) तो ज्या बाजूला धावतोय तिकडे आणून ठेवतं. प्रोग्रॅमला हे कळतही नाही. त्याने धरून ठेवलेला पत्ता तोच राहतो, खालची खरी जागा मात्र बदललेली असते.

घरातली माणसं पंगतीला बसलेली असताना बिऱ्हाड हलवण्यासारखं हे काम आहे. पेज आधी लॉक करायचं. ज्या ज्या प्रोसेसच्या पेज टेबलात त्याची नोंद असेल, तिथे तिथे तात्पुरती ‘मायग्रेशन एंट्री’ ठेवायची, म्हणजे मध्येच कुणी हात लावला तर तो थांबून राहील. पत्त्यांची भाषांतरं जपणाऱ्या प्रोसेसरच्या कॅशमधल्या, म्हणजे टीएलबीतल्या, जुन्या नोंदी पुसायच्या. मग संदर्भांची संख्या तपासायची. आपल्याला ठाऊक नसलेला एकही धारक निघाला, तर माघार घ्यायची. एवढं झाल्यावरच मजकूर नव्या जागी उतरवायचा, नोंदी नव्या जागेकडे वळवायच्या आणि जुनी जागा मोकळी करायची. हा क्रम एका ठिकाणी चुकला तरी कुणाचा तरी डेटा बिघडतो, आणि तो कुठे बिघडला हे सहसा फार उशिरा समजतं. असा कोड कर्नलमध्ये दोनदा लिहिलेला असणं म्हणूनच मला धोक्याचं वाटतं.

२०१३च्या ३.८ आवृत्तीपासून तो तसा होता. त्या आवृत्तीत मेल गॉर्मन यांच्या कामातून आपोआप चालणारं न्यूमा बॅलन्सिंग आलं. कर्नल अधूनमधून काही पेजेसच्या नोंदी मुद्दाम ‘प्रवेश नाही’ अशा करून ठेवतं. पुढचा स्पर्श झाला की फॉल्ट होतो, आणि हे पेज कोणत्या बाजूचा प्रोसेसर वापरतोय ते उघड होतं. पेज चार किलोबाइटचं असेल, तर नेहमीची मायग्रेशनची वाट तयार होतीच. पण एक्स८६वर अशी ५१२ पेजेस एकत्र धरणारं दोन मेगाबाइटचं मोठं पेजही असतं, आणि ते अखंड हलवण्याची सोय तेव्हा त्या वाटेत नव्हती. म्हणून मोठ्या पेजसाठी वेगळं फंक्शन लिहिलं गेलं: मायग्रेट मिसप्लेस्ड ट्रान्सह्यूज पेज. त्या वेळी ते योग्यच होतं. पुढे २०१७मध्ये, ४.१४ आवृत्तीत, सामान्य वाटेलाही मोठं पेज अखंड हलवता येऊ लागलं. तरी जुनी वाट तशीच चालू राहिली.

ती बंद करणारी पॅचेसची मालिका यांग शी यांनी २०२१मध्ये लिहिली आणि ती ५.१४मध्ये दाखल झाली. कोड एकत्र करण्याचं काम कसं असतं ते शिकायला मी ही मालिका पुन्हा पुन्हा वाचतो. एका खिडकीत जुनं फंक्शन, दुसऱ्या खिडकीत सामान्य वाट, आणि हातात गिट ब्लेम. वरवर पाहता एक फंक्शन खोडून दुसऱ्याला हाक मारायची, एवढंच काम दिसतं. ओळीला ओळ लावून पाहू लागलं की जुन्या वाटेच्या सवयी दिसू लागतात, आणि त्यातल्या काही कुठेच लिहून ठेवलेल्या नसतात.

जुन्या वाटेत मायग्रेशन एंट्री नव्हतीच, त्यामुळे संदर्भांची नेहमीची तपासणीही होत नव्हती. तिच्याऐवजी एक साधी अट होती: पेज वेगळं काढल्यावर त्याचे संदर्भ नेमके ३ असले पाहिजेत. एक पेज टेबलातल्या नोंदीचा, एक फॉल्ट हाताळणाऱ्याचा, एक पेज यादीतून काढणाऱ्याचा. कुणी पेज धरून ठेवलं असेल तर ते हलू नये, हा त्या अटीचा हेतू. सामान्य वाट ही तपासणी स्वतःच करते, म्हणजे अट उडवायला हरकत नाही असं पहिल्यांदा वाटतं. पण तेच पेज दोन प्रोसेसमध्ये वाटलेलं असेल, तर संदर्भ तीनच्या वर जातात. म्हणजे ही अट सामायिक मोठ्या पेजेसनाही जागेवरून हलू देत नव्हती. ती नुसती उडवली असती, तर दोन बाजूंना धावणाऱ्या दोन प्रोसेसमध्ये तेच दोन मेगाबाइट इकडून तिकडे ओढले जाऊ शकले असते. म्हणून संदर्भांची अट जाऊन तिच्या जागी मॅपकाउंटची अट आली: पेज एकापेक्षा जास्त ठिकाणी जोडलेलं असेल तर सुरुवातीलाच परत फिरा. मला हा या मालिकेतला सर्वांत मोलाचा बदल वाटतो. जुन्या अटीने जे नकळत साधलं होतं, ते या बदलाने कोडमध्ये उघडपणे लिहिलं गेलं.

दुसरा फरक मेमरी अपुरी पडल्यावर दिसतो. पलीकडे दोन मेगाबाइटचा सलग तुकडा मिळाला नाही, तर सामान्य वाट मोठं पेज फोडून त्याची लहान पेजेस हलवते. मेमरीचा एखादा भाग काढून घ्यायचा असेल, तर ते बरोबर आहे, कारण पेजला तिथून निघावंच लागतं. न्यूमा बॅलन्सिंगमध्ये मात्र हलवण्याचा उद्देश फक्त वेग हा असतो. पेज फोडलं की टीएलबीच्या एका नोंदीत भागण्याचा फायदा गेला, म्हणजे वेगासाठी वेगच गमावला. जुनी वाट अशा वेळी पेज होतं तिथेच राहू देत असे. म्हणून सामान्य वाटेला कारण विचारायला लावलं: कारण न्यूमाचं असेल तर फोडू नकोस.

मोजणीचं काम किरकोळ होतं. मोठं पेज हलल्यावर हललेल्या पेजेसचा आकडा एकाने नव्हे, ५१२ने वाढला पाहिजे.

हे हलणं डोळ्यांनी पाहायचं असेल तर महागडा सर्व्हर लागत नाही. क्यूएमूच्या आभासी यंत्राला दोन न्यूमा नोड, म्हणजे मेमरीच्या अशा दोन बाजू, देता येतात. वेगातला फरक तिथे जाणवत नाही, पण प्रोग्रॅम एका नोडवर मेमरी घेऊन दुसऱ्या नोडवर पाठवला की प्रॉक फाइलसिस्टममधल्या न्यूमा मॅप्समध्ये एका नोडचा आकडा घटताना आणि दुसऱ्याचा वाढताना दिसतो. कोड एकत्र करताना मी हे आकडे बदलाआधी आणि बदलानंतर शेजारी शेजारी ठेवतो. पेज हलण्याइतकंच, जे हलायला नको ते हललं नाही ना, हे तपासतो. सामायिक पेज, धरून ठेवलेलं पेज, पलीकडे जागा नसताना हललेला प्रोग्रॅम, अशा प्रत्येक नकाराची वेगळी चाचणी लागते. यशाची चाचणी लिहायला सोपी असते. आधीची वागणूक टिकली की नाही ते नकाराच्या चाचण्यांतच कळतं.

मालिकेच्या शेवटच्या पॅचमध्ये आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर, एस३९० येतं. तिथे न्यूमा बॅलन्सिंग होतं आणि मोठी पेजेसही होती, पण सामान्य वाटेने मोठं पेज हलवण्याची सोय नव्हती. जुनी वाट गेल्यावर एस३९०वर कर्नल नोंदी बंद करत राहिलं असतं, फॉल्ट होत राहिले असते, आणि एकही मोठं पेज हललं नसतं. म्हणून नोंद बंद करण्याआधीच विचारलं जातं: या आर्किटेक्चरवर मोठं पेज हलवता येतं का? येत नसेल, तर त्या नोंदीला हातच लावला जात नाही.