पिवळा दिवा लागला तर…

पसरणीच्या घाटात निम्मं अंतर चढलो असू, तोच स्टिअरिंगमागे इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. शेजारी सासूबाई, मागे भाची आणि तिची ट्रंक, आणि तिला संध्याकाळच्या आत पाचगणीच्या शाळेत पोचवायचं! ‘‘अगं, हा कसला दिवा?’’ सासूबाईंनी विचारलं. मला तरी कुठं ठाऊक होतं! गाडी पंधरा दिवस सिग्नलला उभी राहिली की थरथरायची, एवढं मात्र जाणवलं होतं. ते मी अंगावर काढलं. आपलं दुखणंसुद्धा आपण तसंच काढतो म्हणा.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गेले. मुलानं यंत्र जोडलं, आकडा आला ‘पी ०१७१’. ‘‘सेन्सर गेलाय, मॅडम.’’ साडेसहा हजार मोजले. चौथ्या दिवशी दिवा पुन्हा हजर! घरी यांनी काही म्हटलं नाही, पण ते न म्हणणंच जास्त लागलं.

आता यात नेमकं काय चुकलं, ते सांगते. आपली गॅसची शेगडी आठवा. बर्नरला हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, पातेल्याची बुडं काळी होतात. हवा जास्त झाली की ज्योत बर्नरवरून उडू बघते. इंजिनाचंही तसंच. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर थोडी कमी. जुन्या फियाटला मिस्त्री कानानं ऐकून कार्बुरेटरचा स्क्रू फिरवत. आता ते काम कॉम्प्युटर करतो. धूर जातो त्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर त्याला वास घेऊन सांगतो, की हवा उरली की पेट्रोल उरलं. त्याप्रमाणे तो पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि जास्तीत जास्त देऊनही मेळ बसेना, की दिवा लावतो.

‘पी ०१७१’ म्हणजे ‘मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त’. ‘पी ०१७२’ म्हणजे उलट. सेन्सर बिघडला, असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही! माझ्या बिचाऱ्या सेन्सरनं खरं तेच सांगितलं होतं, आणि आम्ही त्यालाच काढून टाकलं. थर्मामीटरनं ताप दाखवला म्हणून थर्मामीटर बदलावा, तसं.

दुसरे मिस्त्री वयस्कर होते. त्यांनी आकडा वाहीत लिहून घेतला, मग यंत्रावर कॉम्प्युटर किती टक्के जादा पेट्रोल ओततो आहे ते पाहिलं. शून्याच्या आसपास पाच-सात टक्के इकडेतिकडे चालतात. माझी गाडी उभी असताना २३ दाखवत होती. ‘‘वहिनी, जरा अॅक्सिलरेटर दाबून धरा.’’ धरला, तर आकडा ६ वर आला! ‘‘कुठंतरी हवा चोरून आत शिरतेय,’’ ते म्हणाले. वाटीभर आमटीत चमचाभर मीठ जास्त पडलं तर तोंडात घालवत नाही, पंगतीच्या पातेल्यात कळतही नाही. इंजिन स्लोला असताना हवा मुळात थोडी घेतं, म्हणून फट तेव्हा नडते. वेगात गेल्यावर आकडा वाढला असता, तर त्यांनी पेट्रोलचा पंप किंवा फिल्टर तपासला असता. इंजिनाच्या मागच्या बाजूला रबराची बोटाएवढी नळी चिरलेली निघाली. नळी आणि मजुरी मिळून साडेतीनशे रुपये.

तेव्हा गॅरेजात गेलात की आकडा आधी लिहून घ्या. ‘दिवा घालवून देतो’ म्हणून कुणी तो पुसायला निघालं किंवा बॅटरीची वायर काढायला लागलं, तर थांबवा. दिवा लागला तेव्हा गाडी किती वेगात होती, इंजिन किती तापलं होतं, हेही कॉम्प्युटर साठवून ठेवतो. पुसलं की तेही जातं. काढलेला पार्ट मागून घ्या.

पेट्रोलचा वास, काळा धूर, अॅव्हरेज घसरणं ही पेट्रोल जास्त होत असल्याची लक्षणं. काही गाड्यांत टाकीचं झाकण नीट न लावल्यानंही हा दिवा लागतो, ते घरीच पाहता येईल. मात्र बॉनेट उघडाल तेव्हा पदर, ओढणी, वेणी सांभाळा. इंजिन बंद असलं तरी पुढचा पंखा आपोआप फिरू लागतो.

दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर सावकाश घरी या, दोन-तीन दिवसांत दाखवा. पण तो उघडझाप करू लागला, तर पेट्रोल न जळताच पुढे चाललं आहे, आणि धूर शुद्ध करणारा महागडा डबा त्यानं तापून निकामी होतो. वेग लगेच कमी करा, सुरक्षित जागा पाहून थांबा आणि मिस्त्रीला बोलवा. तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला, तर एक किलोमीटरही पुढे नको.

जुना सेन्सर मी मागून आणला. तो चांगला आहे, असं मिस्त्रींनी तपासून सांगितलंय. वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत ठेवलाय. सासूबाई त्याला ‘साडेसहा हजारांचा दागिना’ म्हणतात.