पाणी गावाचे, निर्णय कोणाचा?

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील नदीकाठच्या सुपीक जमिनी आणि अनेक गावठाणे गेली. आज त्याच जलाशयाच्या काठी ऊस आणि केळीच्या बागा उभ्या आहेत. कंदरची केळी परदेशी जातात. तालुक्याच्या पूर्व भागाला मात्र दहिगाव उपसा सिंचन योजनेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. एकाच तालुक्यात विस्थापन, सुबत्ता आणि टंचाई शेजारी शेजारी नांदतात, याचा दोष केवळ पावसाच्या माथी मारता येणार नाही. पाणी कोठे अडवावे, कोणाला किती द्यावे, हे निर्णय गावाबाहेर झाले, हे त्यामागील महत्त्वाचे कारण होय. दि. २१ मे २०२४ रोजी कुगावहून पलीकडच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. धरणासाठी गाव सोडणाऱ्यांच्या वाट्याला दळणवळणाचीही कोणती जोखीम आली, हे त्या दुर्घटनेने दाखवून दिले.

ग्रामीण जनतेला सत्ता मिळाली नाही, असे मात्र म्हणता येत नाही. नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ रोजी राज्यात जिल्हा परिषदा आल्या. परंतु या रचनेत बळ मिळाले ते जिल्ह्याला. ग्रामपंचायत दुबळीच राहिली. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नियमित निवडणुका आणि आरक्षण दिले. २०११ मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांसाठी निम्म्या जागा राखल्या. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून अनुदान थेट ग्रामपंचायतींना दिले. पद आले, पैसाही आला. पाण्यावरचा अधिकार मात्र आला नाही. उजनीच्या आवर्तनांचा निर्णय कालवा सल्लागार समितीत होतो आणि गावाला तो नंतर कळतो.

गावाच्या हाती अधिकार दिल्यास गावातील धनदांडगेच तो बळकावतील, हा आक्षेप जुना आहे आणि निराधारही नाही. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली घटना समितीत खेड्याविषयी जो कठोर इशारा दिला, तो विसरून चालणार नाही. पण त्यावर उपाय अधिकार काढून घेणे हा नसून तो उघड्यावर वापरायला लावणे हा आहे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना घनमापनाने पाणी मिळण्याचा हक्कही दिला आहे. या दोन्ही तरतुदी एकत्र आणून आवर्तनापूर्वी पाण्याचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवला पाहिजे. किती पाणी आहे आणि ते कोणाच्या शेतात जाते, हे भूमिहीन मजुरालाही तेथे विचारता यावे. हा प्रश्न विचारण्याचा हक्क नसेल, तर गावकरी विकासाचे लाभार्थी ठरतील. त्याचे भागीदार होणार नाहीत.