शेवटच्या पानावरील अक्षर

शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस समर्थ रामदासांनी सज्जनगडावर देह ठेवला. दरवर्षी दासनवमी आली की गावोगावी यत्नावर प्रवचने होतात. आणि ती ऐकून घरी परतणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची अशी प्रामाणिक समजूत असते की, समर्थांनी ज्याची हजेरी घेतली तो आळशी इसम दुसराच कोणी असावा. आपण तर दिवसभर राबतो, रात्री अंग टाकतो ते थकूनच. परंतु थकवा हे कष्टाचे प्रमाण मानता येईल काय?

दासबोधाच्या बाराव्या दशकात यत्नाचा समास आहे. खायला नाही, पांघरायला नाही, सोयरा नाही, मित्र नाही असा एक दीनवाणा माणूस समर्थांनी तेथे उभा केला आहे. हा माणूस चटकन ओळखू येतो, आणि म्हणूनच त्याच्यात आपला चेहरा दिसत नाही. या दृष्टीने मला अधिक मोलाचा वाटतो तो एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास. विषय अगदी साधा : लेखनक्रिया. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. ओळीत ओळ मिसळू नये. पान शिशाने आखून घ्यावे. भोवती कोरी जागा सोडावी, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी हौसेने काढलेले फार बारीक अक्षर म्हातारपणी वाचवत नाही, म्हणून ते मध्यम असावे, इथवर व्यवहार सांगणारा हा संन्यासी! आणि या सर्वांत एक कसोटी सहज सांगून टाकली आहे. ग्रंथाच्या आरंभी जे अक्षर काढले तेच समाप्तीपर्यंत दिसावे, सारा ग्रंथ एकाच टाकाने लिहिल्यासारखा वाटावा.

लिहिणाऱ्याला किती श्रम झाले, त्याची बोटे किती दुखली, हे येथे कोणी विचारीत नाही. पहिले पान आणि शेवटचे पान शेजारी ठेवावे, एवढेच. पहिल्या पानावर हुरूप लिहीत असतो. कसूर सुरू होते ती मधल्या पानांत, आणि होताना ती कळत नाही. का कळत नाही, याचा उलगडा आठव्या दशकातील दुश्चित्तपणाच्या समासात होतो : आधी चित्त उडते, मागोमाग आळस येतो, आणि आळसापाठोपाठ झोप. चित्त उडालेल्याला आपले चित्त उडाले हे सांगणार कोण? त्याचा हात तर चालूच असतो.

समर्थांचे लेखक कल्याणस्वामी. परंपरा सांगते की शिवथरघळीत समर्थ सांगत गेले आणि कल्याण लिहीत गेले. डोमगावच्या मठातील दासबोधाची प्रत त्यांच्याच हातची मानतात. ग्रंथ लहान नव्हे : वीस दशक, दोनशे समास, पावणेआठ हजारांच्या आसपास ओव्या.

हे लिहिताना मला माझी एक वही आठवते. एका चातुर्मासात दासबोध स्वहस्ते उतरून काढण्याचा संकल्प मी केला होता. रोज एक समास. काही आठवड्यांतच तो मागे पडला, आणि कचेरीचे काम वाढले, डोळ्यांना ताण पडतो, अशी कारणे मी घरात इतक्या वेळा सांगितली की ती मलाही खरी वाटू लागली. पुढे कितीतरी वर्षांनी वही हाती आली. पहिल्या दशकाचे अक्षर आजही पाहावेसे वाटते. दुसऱ्यात काने वाकू लागले आहेत, समास सोडलेला नाही, पण उरकलेला दिसतो. तिसऱ्यात शिरोरेषा तुटल्या, वेलांट्या खालच्या ओळीत उतरल्या, आणि एका ओवीचा चौथा चरण लिहायचाच राहिला. डोळे दुखण्याची तक्रार मी सुरू केली ती याच्या बरीच नंतर. त्या दशकाचे नाव मात्र पानाच्या माथ्यावर मी ठळक लिहून ठेवले होते : स्वगुणपरीक्षा.

गेल्या आठवड्यात त्या वहीचे पुढचे कोरे पान शिशाने आखून ठेवले आहे. राहिलेला चरण आधी लिहावयाचा आहे.